टॅपस्कॉटांचा धाकटा दगड

१

धाकटा दगड जागेवर नव्हता.

मॉड प्रिडो काखेत आरसा धरून टॅपस्कॉट घराण्याच्या दफनभूमीच्या फाटकाशी उभी राहिली आणि पुन्हा एकदा नीट बघितलं. जोसाया टॅपस्कॉटचा दगड होता. त्याच्या बायकोचा, मर्सीचा होता. त्यांच्या मुलीचा, हॅनाचा, तर चांगला छातीएवढा उंच, तोही होता. पण त्यांच्या पायाशी काल दुपारी दगडफुलानं माखलेली एक बुटकी पाटी तिरकी उभी होती. घरात तिला ‘धाकटा दगड’ म्हणत. तिथे आता नुसता खड्डा होता. कुठलं तरी तान्हं मूल असेल, यापलीकडे त्याखाली कोण आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. अक्षरं पार झिजून गेली होती.

झिजलेली अक्षरं वाचायची मॉडची एक साधी रीत होती. सकाळचं तिरपं ऊन आरशात पकडायचं आणि दगडाच्या तोंडावरून आडवं फिरवायचं. सावल्या पडल्या की पुसलेली अक्षरंही उठून दिसतात. आज सकाळी ती तेच करणार होती.

जून महिना, टास्मानियातला ऐन हिवाळा. रात्रीत सगळं रान गोठलेल्या दवानं पांढरं पडलं होतं. मॉड खड्ड्यापाशी वाकली. कडेच्या चिखलात पावलांचे ठसे होते, एकात एक मिसळलेले, आणि शेजारी दोन गोल खळगे. कुणीतरी इथे गुडघे टेकले होते. तिनं बोटानं दाबून पाहिलं, तर चिखल विटेसारखा कडक झाला होता.

"काय झालं?" मागून रोलंड टॅपस्कॉटचा आवाज आला. वय सत्तरीच्या पुढे, पण ताठा तरण्याताठ्याचा. त्यानं खड्डा पाहिला आणि त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. "वॉली. दुसरा कोण असणार? आमचा गडीच तो, त्या एफी म्हातारीचा नातू. थांबा, आत्ताच्या आत्ता पोलिसांना बोलावतो."

२

लोकांची घराणी शोधून देणं हा मॉडचा धंदा होता. वीस वर्षं तिनं तेच केलं होतं, आणि गिऱ्हाईकं दोनच प्रकारची असतात अशी तिची खात्री झाली होती. एकाला पूर्वजांत सरदार हवा असतो. दुसऱ्याला एवढंच लिहून हवं असतं, की आमचा पूर्वज इंग्लंडातल्या कैद्यांसारखा बेड्या घालून आला नव्हता हो, स्वतःच्या पायांनी आला होता. रोलंड दुसऱ्या जातीचा. त्याचा जोसाया १८२९ साली इंग्लंडातल्या डेव्हनहून बायको आणि दोन वर्षांची हॅना घेऊन आला होता, मोकळा माणूस म्हणून. पुढे हॅनाचं लग्न जोसायाच्याच पुतण्याशी झालं, म्हणून आडनावही तेच राहिलं. आजचे झाडून सगळे टॅपस्कॉट त्या एका हॅनाचे. यंदा १९८७. पुढच्या वर्षी सगळ्यांचा मेळावा भरायचा होता आणि त्याआधी वंशवृक्ष छापून व्हायचा होता.

आदल्या दिवशी इकडे येताना मॉड गावातल्या दुकानात थांबली होती. गल्ल्यापाशी एक काळीसावळी, वाळलेली म्हातारी बसली होती. तिनं विचारलं, "तुम्ही घराणी शोधता म्हणे?"

"हो, आजी."

"मग आमचीही एक मुलगी शोधा. हरवून दीडशे वर्षं झाली."

तीच एफी नॉरिस. तिची माणसं टास्मानियातली मूळची, जहाजं येण्याच्या कितीतरी आधीची. तिनं सांगितलं ते असं. तिची पणजी सात-आठ वर्षांची असताना नदीच्या वळणावर त्यांची वस्ती होती. एका सकाळी घोड्यांवरून गोरे आले आणि बंदुका वाजल्या. पणजी लव्हाळ्यात लपली. तिची धाकटी बहीण धावत सुटली, तिला एकानं उचलून खोगिरावर घेतलं आणि नेलं. पुढे सरकारनं पणजीलाही इथून उचलून दूरच्या एका लहान बेटावर नेऊन टाकलं. ती मरेपर्यंत एकच विचारत राहिली.

"काय विचारायच्या?"

"ती जगली का. बाकी काही नाही. नदीचं वळण आता टॅपस्कॉटांच्या कुंपणात आहे. मी मागे रोलंडला म्हटलं, तुमच्याच घरात बघा, तर त्यानं माझ्यावर कुत्री सोडायचीच बाकी ठेवली."

मॉडनं तिला वचन दिलं नाही. असल्या गोष्टींना कागद नसतो आणि कागदाशिवाय तिचा धंदा नव्हता. पण ते बोलणं तिच्या मनातून जाईना.

टॅपस्कॉटांच्या दारात तिला भेटली आयव्ही, रोलंडची थोरली बहीण. शहात्तरीची, बिनलग्नाची, खुब्यानं अधू. घरातल्या चार पिढ्यांची पोरं जिच्यातून फिरली ती वेताची जुनी बाबागाडी ढकलत ती अंगणातून येत होती. गाडीत जळणाची लाकडं भरलेली.

"हसू नका," आयव्ही म्हणाली. "काठीपेक्षा ही बरी. हिला धरून चालता येतं आणि लाकडंही येतात."

दुपारच्या चहाला दोघीच होत्या. रोलंड वॉलीला घेऊन मेंढ्यांच्या बाजाराला गेला होता. त्याची सून बेरिल मेळाव्याच्या बैठकीसाठी गावात होती. मॉडनं आयव्हीकडे हातआरसा मागितला आणि कशाला हवा तेही सांगितलं. आयव्हीनं आपल्या खोलीतून आरसा आणून दिला. मग मॉड तिला दिलेल्या खोलीत टिपणं मांडत बसली.

दिवस मावळताना गारठा असा पडला की विचारू नका. रोलंडची गाडी आली, मागोमाग बेरिलची. तेव्हा मॉड आपल्या मोटारीतून बॅग काढायला बाहेर आली होती. पायाखाली चिखल काचेसारखा कडकड वाजत होता.

जेवायला मेंढीचं भाजलेलं मांस होतं, आणि चुलाणात आग अगदी मरगळलेली.

"आत्याबाई, संध्याकाळची लाकडं आणायची विसरलात वाटतं," बेरिल शाल आवळत म्हणाली. "पाहुणीला काय गोठवून मारायचंय?"

"राहून गेलं बाई," आयव्ही म्हणाली.

बोलता बोलता मॉडनं सकाळचा आरशाचा बेत सगळ्यांना सांगितला. रोलंडला त्यात फारसा रस दिसला नाही. त्याचं सगळं लक्ष मेळाव्यात.

"सप्टेंबरात भरवायचा," बेरिल म्हणाली. "हॅनापणजीचा वाढदिवस असतो ना तेव्हा. प्रिमरोजची फुलं फुलली, की तिचा वाढदिवस. तिच्या दगडावर दरवर्षी फुलं वाहतो आम्ही. वाढदिवस तेव्हाच करायचा ही तिच्या हयातीपासूनची चाल आहे."

"पण तुमच्या घरच्या बायबलात तिच्या जन्माची तारीख तर एप्रिलची लिहिलीय," मॉड म्हणाली.

"डेव्हनात प्रिमरोज एप्रिलात फुलतात. इथे सप्टेंबरात. त्यात काय एवढं?" रोलंड म्हणाला आणि बटाटे पुढे सरकवले.

त्यात काय एवढं, असं तेव्हा मॉडलाही वाटलं.

३

वॉलीला रोलंडनं लोकरीच्या कोठारात बसवून बाहेरून कडी घातली होती. तिशीचा शांत गडी. मॉड आत गेली तेव्हा तो लोकरीच्या गाठोड्यावर बसून हातावर फुंकर घालत होता.

"मी नाही नेला, बाई. नेऊन करू काय त्याचं? आजी मला मारील. मेलेल्या पोराला हात लावायचा नसतो, आमच्यात तरी."

"रोलंड म्हणतो, आजीच्या अपमानाची खुन्नस काढलीस."

"खुन्नस काढायची तर मेंढ्यांचं फाटक उघडं टाकलं असतं. सोपं काम." तो ओशाळं हसला. "पोलीस आले की माझं ऐकणार कोण? गेल्या वर्षी शेजारच्या मळ्यातल्या बिलिंगच्या घोड्याचं खोगीर हरवलं, तर पहिला मलाच धरला. खोगीर निघालं त्याच्याच मेव्हण्याकडे. माफी मात्र कुणी मागितली नाही."

मॉडला खरोखर वाईट वाटलं, आणि रागही आला. ती तडक रोलंडकडे गेली. तो टेलिफोनपाशी उभा होता.

"काल वॉली दिवसभर कुठे होता?"

"माझ्याबरोबर. बाजारात. नजरेआड होऊ दिला नाही त्याला."

"आणि परत आलात तेव्हा?"

"अंधार पडत होता. येताना डबक्यांवरचा बर्फ चाकाखाली फुटत होता. का?"

"त्या खड्ड्याशी गुडघ्यांचे खळगे आहेत. चिखलात रुतलेत आणि मग गोठलेत. गोठलेल्या चिखलात गुडघा काय, कुदळ रुतणार नाही. म्हणजे दगड हलला तेव्हा चिखल मऊ होता. उजेड होता. तुम्ही अजून बाजारात होता, आणि वॉली तुमच्या नजरेखाली. त्याचे साक्षीदार तर तुम्हीच झालात, मिस्टर टॅपस्कॉट. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी."

रोलंडनं टेलिफोन खाली ठेवला. पण मान्य करणारा गडी नव्हे तो.

"मग काय वॉम्बॅटनं नेला? ती जनावरं तिथे बिळं करतातच. तशी ती पाटी हलायलाच लागली होती."

"वॉम्बॅट गुडघे टेकत नाहीत."

बेरिलला विचारायची गरजच नव्हती, तरी मॉडनं विचारलं. बेरिल भडकली. "मी? अहो, बारा बायकांच्या बैठकीत होते मी, केक कुणी करायचा यावर भांडत. विचारा हवं तर त्यांना. आणि तुमचा आरशाचा बेत मला जेवताना कळला. त्याआधी दगड गेला असेल, तर तुमचा बेत त्याआधी कुणाला माहीत होता, ते शोधा ना."

बोलून झाल्यावर ती आपणच थांबली. मॉडकडे बघत राहिली, आणि मग हळूच जिन्याशेजारच्या दाराकडे.

ते दार आयव्हीच्या खोलीचं होतं.

४

दार उघडंच होतं. आयव्ही पलंगावर बसली होती, अंगावर कालचेच कपडे. बाबागाडी खिडकीपाशी रिकामी उभी.

"काल संध्याकाळची लाकडं आणायची राहून गेली नव्हती," मॉड म्हणाली. "गाडी रिकामी नव्हती, तिच्यात दगड होता."

आयव्हीनं पायानं पलंगाची झालर सारखी केली.

"वाकता येत नाही म्हणून तुम्ही गुडघे टेकलेत. पाटी भरल्या बादलीएवढी जड असेल, जास्त नाही. रोज लाकडं उचलणाऱ्याला ती उचलते. एकच कोडं मला सुटलं नाही. दफनभूमीशेजारीच जुनी विहीर आहे. दगड नाहीसाच करायचा होता, तर तिच्यात का नाही टाकलात?"

आयव्हीचे डोळे भरून आले. "एवढंसं पोर. विहिरीत टाकू?"

मग ती बोलू लागली. अकरा वर्षांची असताना वसंतात दगड घासायचं काम तिच्याकडे होतं. धाकटा दगड घासताना तिनं बोटानं अक्षरं चाचपून वाचली आणि धावत जाऊन आईला सांगितली. आईनं तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यातली एकुलती एक. त्या दिवसापासून तो दगड कुणी घासायचा नाही असं ठरलं. आई मेली तेव्हाही तिनं आयव्हीचा हात धरून तेच वदवून घेतलं.

"काय लिहिलंय त्याच्यावर?"

"तुम्हाला कळलंय. तुमच्या तोंडावर दिसतंय."

"मला वाटतं त्याच्यावर हॅनाचंच नाव आहे."

आयव्हीनं मान हलवली. "हॅना. जोसाया आणि मर्सीची लेक. १८३१ साली गेली. वय चार."

मॉड खुर्चीत बसली. त्या काळी एक मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवायची चालच होती. अशी दोन-दोन, तीन-तीन एकाच नावाची भावंडं तिनं ढिगानं पाहिली होती. पण इथे तो हिशोब जमत नव्हता. जिच्यापासून सगळे टॅपस्कॉट झाले, त्या हॅनाचं लग्न १८४५ सालचं. ती या पोरीच्या मागून जन्मली असती, तर लग्नात जेमतेम चौदा वर्षांची भरली असती, आणि तिला पहिलं मूल दुसऱ्याच वर्षी झालं होतं. म्हणजे मेलेल्या हॅनाची जागा तान्ह्या बाळानं घेतली नव्हती. जवळजवळ तिच्याच वयाच्या, चालत्याबोलत्या मुलीनं घेतली होती.

"आणि तो वाढदिवस," मॉड म्हणाली. "तुम्ही लोक डिसेंबरच्या उकाड्यात घाम पुसत गरम पुडिंग खाता, कारण डेव्हनात नाताळात थंडी असते. ऋतू उलटला तरी तारीख हलवत नाही. तुमच्याकडचा एकूण एक सण तसाच. मग एकट्या हॅनाचीच तारीख सोडून ऋतू कसा धरला? कारण तिला तारीख नव्हतीच. मर्सीला एवढंच माहीत होतं, की ही घरात आली तेव्हा प्रिमरोज फुलले होते."

"जोसायानं आणली," आयव्ही हळू आवाजात म्हणाली. "कुठून, ते कुणी सांगितलं नाही. मर्सीची लेक त्याच हिवाळ्यात तापानं गेली होती. त्यानं ही समोर उभी केली. मर्सीनं हिला लेकीचे कपडे घातले, लेकीच्याच नावानं हाक मारली. माझ्या आत्यानं आईला सांगितलेलं एक आहे. म्हातारी हॅना मरायला टेकली तेव्हा घरात कुणाला कळेना अशा भाषेत बोलत होती. दोन दिवस बोलत होती. घरच्यांनी म्हटलं, वातात बरळतेय."

बाहेर अंगणात कुत्री भुंकायला लागली. मॉडनं खिडकीतून पाहिलं. फाटकातून एफी नॉरिस काठी टेकत येत होती, नातवाला न्यायला.

"मी सकाळपासून गप्प बसले," आयव्ही म्हणाली. "तो पोरगा तिकडे कोंडलेला, आणि मी इथे दगडावर बसून. लाज वाटते हो मला." तिनं पलंगाची झालर वर केली. "हात द्या. उचलू आपण."

५

स्वयंपाकघराच्या टेबलावर, उन्हाच्या बाजूला, पाटी उभी केली. मॉडनं आरसा धरला. ऊन तिरपं फिरलं आणि दगडफुलाखालून अक्षरं एकेक करून वर आली. रोलंडनं ती वाचली. पुन्हा वाचली. बेरिल तोंडावर हात धरून उभी होती. वॉलीची कडी तिनंच जाऊन काढली होती, कुणी न सांगता.

मॉडनं सगळं सांगितलं, आरंभापासून. रोलंड मधेच उठला.

"म्हणजे मी कोण?" तो म्हणाला. आवाजातला ताठा गेला होता. "चारशे माणसं बोलावलीत मी."

"तू तोच," आयव्ही म्हणाली. "कालही हाच होतास. बस खाली."

एफी दाराजवळच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होती. तिनं चहाला हात लावला नव्हता. आता ती मॉडकडे वळली.

"तीच का ती? आमची?"

या प्रश्नाला मॉड घाबरत होती. थाप मारणं किती सोपं होतं, आणि कुणाचं काय बिघडलं असतं?

"आजी, ती जोसाया-मर्सीची नव्हती, एवढं मी सिद्ध करू शकते. ती तुमचीच होती, हे नाही करू शकत. त्या वर्षात इथून एकच मूल उचललं गेलं असं नाही."

"ते मला ठाऊक आहे. आम्हाला सगळ्यांची मोजदाद ठाऊक आहे." एफी खुर्चीत वळली. मग आयव्हीला म्हणाली, "ती जी काय बोलली मरताना, त्यातला एखादा तरी शब्द?"

"नाही," आयव्ही म्हणाली. ती आता उघडउघड रडत होती. "कुणी लक्षात ठेवला नाही."

"एकही?"

"एकही नाही हो, बाई."

एफीनं मान खाली घातली. वॉली तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"जगली तर," एफी शेवटी म्हणाली. "कुणाची का असेना. म्हातारी होऊन मेली. लेकरंबाळं झाली."

"सात झाली," आयव्ही म्हणाली.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मॉडचा वंशवृक्ष पसरलेला होता. मधोमध हॅना, खाली तिच्या फांद्या, वर जोसाया आणि मर्सीच्या चौकटी. रोलंड त्याच्यापाशी गेला. जोसायाला जोडणाऱ्या रेघेवर त्यानं बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ तसंच ठेवलं.

"खोडा ही," तो म्हणाला. "खोटं छापायचं नाही मला. तिच्या वर लिहा, आईवडील अज्ञात. म्हणजे झालं."

मॉडनं पेन उचललं.

"असं नका लिहू," एफी म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता, पण मॉडचा हात थांबला.

"अज्ञात कसले? तिला ठाऊक होते. त्यांनी तिला नावानं हाक मारली होती. बंदुका वाजल्यावर ती त्यांच्याकडेच धावली असणार. तुमच्या घरात कुणी विचारलं नाही, तेवढं लिहा."

मॉडनं रोलंडकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. आयव्हीनं मान हलवली.

मॉडनं वरच्या दोन्ही चौकटी खोडल्या आणि त्या जागी लिहिलं: ‘आईवडील होते. टॅपस्कॉटांनी विचारलं नाही.’ मग तिनं कागद एफीच्या दिशेनं फिरवला. एफीनं चष्मा लावला, एकेक शब्दावर बोट ठेवून वाचलं आणि काठी घेऊन उठली.

"आता खरं आहे," ती म्हणाली. "वॉली, चल."